ऐकू येत नाही, की ऐकता येत नाही?

गेल्या सेमिस्टरला आमच्या लेडीज होस्टेलच्या मेसमध्ये एक अर्ज फिरत होता. विषय : होस्टेलशेजारच्या इमारतीवरील मोबाईल टॉवर हटविणेबाबत. कारणं तीन होती. एक, स्पीकर लावले की मध्येच 'टिडिक-टिडिक-टिर्रर्र' आवाज येतो. दोन, रेडिओवर काहीच धड लागत नाही. तीन, ईअँडटीसीच्या मुलींच्या प्रोजेक्टचं रिसेप्शन बिघडतं. त्या तिसऱ्या कारणाखाली पहिली सही माझी होती. नुसती सही नव्हे, ते वाक्यच माझं होतं!

आज या लेखाच्या निमित्ताने मी ती सही जाहीरपणे मागे घेते आहे. का, ते सांगते. आणि त्या अर्जाऐवजी दुसरा कुठला अर्ज आपण करायला हवा, तेही सांगते. वाचून पटलं नाही तर मेसमध्ये भांडायला मी आहेच.

सुरुवात एका चित्रापासून झाली. मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघींनी ठरवलं होतं की हवामान उपग्रहाचं चित्र थेट उपग्रहाकडूनच उतरवून घ्यायचं. वेबसाइटवरून नाही, आपल्या अँटेनाने. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे उपग्रह वर्षानुवर्षं अशी चित्रं १३७ मेगाहर्ट्झवर पाठवत होते, आणि जगभरच्या हौशी मंडळींनी त्यावरच हात साफ केले. २०२५ साली ते तिन्ही बंद झाले. पण रशियाच्या मेटिओर मालिकेतल्या उपग्रहांचं प्रक्षेपण त्याच पट्ट्यात होतं. खर्च म्हणाल तर एक आरटीएल-एसडीआर डोंगल (मुळात टीव्ही बघण्यासाठी बनलेला, पण २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी त्याचा सर्व कामांचा रिसीव्हर करून टाकला), अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण ५३ सेंटिमीटरच्या दोन सळ्या, १२० अंशांच्या कोनात लावलेल्या, आणि टीव्हीची केबल. झालं!

होस्टेलच्या गच्चीची किल्ली मिळवणं हा एक वेगळा प्रोजेक्ट होता, तो नंतर सांगते. किल्ली मिळाली. गच्चीवर गेलो, सळ्या बांधल्या, लॅपटॉप उघडला. उपग्रह डोक्यावरून चालला होता आणि पडद्यावर काय? नुसता गोंधळ. गवताच्या गंजीसारखा नॉइज, मध्ये मध्ये उभे खांब. आणि जिथे कुठलंही स्टेशन असायचं कारण नाही, तिथे हिंदी सिनेमाचं गाणं! आम्ही काय केलं? सिग्नल कमी पडतोय म्हणून गेन वाढवला. गाणं अजून तीन ठिकाणी ऐकू यायला लागलं. मग वाटलं अ‍ॅम्प्लिफायर लावू. उसनवारीने आणून लावला. आता तर सगळा पडदाच पांढरा. शेजारच्या गच्चीवर टॉवर दिसतच होता. आरोपी समोर, पुरावा समोर, निकाल लागला. त्याच रात्री अर्ज लिहिला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या सरांना सगळं सांगितलं. सरांनी ड्रॉवरमधून अंगठ्याएवढा एक पितळी ठोकळा काढून दिला. "हा लावून बघा." तो १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर होता. म्हणजे आत येणारी शक्ती एक दशांश करणारा. मी म्हटलं, "सर, आधीच सिग्नल येत नाही, त्यात अजून कमी?" सर म्हणाले, "गाणं किती कमी होतं ते मोजा, आणि मग मला येऊन सांगा."

मोजलं. खरी स्टेशनं १० डेसिबलने खाली आली, हिशोबाप्रमाणे. पण ती भुतं, म्हणजे नको तिथे वाजणारी गाणी, जवळजवळ ३० डेसिबलने खाली गेली! काही तर गायबच झाली. आणि नॉइजची गंजीही खाली बसली.

हा चमत्कार नाही. हा तर आपल्या सिलॅबसमध्ये आहे, फक्त आपण तो पाच मार्कांची टीप म्हणून पाठ करतो. रिसीव्हरच्या तोंडाशी जो अ‍ॅम्प्लिफायर असतो तो एका मर्यादेपर्यंतच सरळ वागतो. मर्यादेबाहेरचा जोरदार सिग्नल आला की तो वाकडा वागायला लागतो. वाकडा वागला की दोन सिग्नलांचं आतल्या आत मिश्रण होतं आणि हवेत नसलेले नवे सिग्नल तयार होतात. समजा ९२ आणि १०६ मेगाहर्ट्झवर दोन बळकट एफएम स्टेशनं आहेत. १०६ ची दुप्पट २१२, त्यातून ९२ वजा केले की १२० उरतात. १२० मेगाहर्ट्झ हा तर विमानांच्या संभाषणाचा पट्टा! तिथे गाणं वाजलं तर ते वैमानिक गात नसतो, आपला रिसीव्हर गात असतो. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. आणि गंमत म्हणजे मूळ सिग्नल १ डेसिबलने कमी केले की हे तिसऱ्या दर्जाचं मिश्रण ३ डेसिबलने कमी होतं. म्हणून १० चे ३०.

म्हणजे सरांचा तो ठोकळा हा नुसता इलाज नाही, ती एक परीक्षा आहे. नको असलेला आवाज १० ने कमी झाला तर तो खरोखर हवेत आहे, म्हणजे दोष बाहेरचा. ३० ने कमी झाला तर तो आपल्याच डब्यात जन्मला आहे, म्हणजे दोष घरचा. आमची बहुतेक भुतं घरचीच निघाली. टॉवर त्याला दिलेल्या पट्ट्यात त्याचं काम करत होता. गेन फुल करून तोंड वासून बसलेला रिसीव्हर आमचा होता. नाचता येईना अंगण वाकडे!

ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी रत्नागिरीचंच उदाहरण देते. शिमग्यात भैरीची पालखी दारात आली आहे, ढोल अगदी कानाशी वाजतो आहे, आणि पलीकडच्या पडवीतून आजी काहीतरी सांगते आहे. आजीचं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही कानाला कर्णा लावाल का? कर्ण्यातून ढोलच जास्त येईल आणि कान बधिर होईल. शहाणा माणूस काय करतो? ढोलाकडचा कान दाबतो, किंवा आजीजवळ जातो, किंवा ढोलापासून लांब सरकतो. रेडिओतही इलाज हेच तीन. ढोलाचा कान दाबणं म्हणजे फिल्टर. आजीजवळ जाणं म्हणजे चांगल्या जागी चांगली अँटेना. लांब सरकणं म्हणजे लांब सरकणं.

आकड्यांत बघायचं तर आपल्या गावाला साजेसा हिशोब करू. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झालं, आणि ११४३ किलोहर्ट्झवर ते ऐकत आपल्या आईबाबांची पिढी मोठी झाली. आता समजा, २० किलोवॅटचा मध्यम लहरींचा ट्रान्समीटर तुमच्या घरापासून ३ किलोमीटरवर आहे. पुस्तकातल्या सूत्राने तुमच्या अंगणातली फील्ड स्ट्रेंग्थ येते सुमारे ४५० मिलिव्होल्ट प्रति मीटर. रात्री लांबच्या एखाद्या स्टेशनची समजा ५० मायक्रोव्होल्ट. म्हणजे एक दुसऱ्याच्या ९,००० पट, जवळपास ८० डेसिबलचा फरक. आता आमच्या स्वस्त डोंगलमधला कन्व्हर्टर आठ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्यांचा. ९,००० पट मोठा पाहुणा सगळ्या पायऱ्यांवर पाय पसरून बसला, तर बारक्याला एक पायरीसुद्धा मिळत नाही. चूक पाहुण्याची नाही. जिना अरुंद आहे, आणि दारावर पाहुण्यांना अडवणारा कोणी नाही.

दारावर अडवणारा आम्ही बनवला. त्याला खर्च शून्य. टीव्हीच्या केबलचा एक तुकडा अँटेनाच्या वायरला टी-जोड देऊन लावायचा, दुसरं टोक मोकळं. लांबी तरंगलांबीच्या पाव. १०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३ मीटर, पाव म्हणजे ७५ सेंटिमीटर. साध्या केबलमध्ये लहर ०.६६ पट वेगाने जाते, म्हणून साडेएकोणपन्नास सेंटिमीटर. (फोमवाली केबल असेल तर वेग जास्त, त्यामुळे तुकडाही लांब.) हा तुकडा त्या एका फ्रीक्वेन्सीला शॉर्ट सर्किटसारखा वागतो आणि एफएमचा ढोल दाराबाहेर राहतो. नेलकटरने अर्धा अर्धा सेंटिमीटर कापत ट्यून केला. मोबाईलच्या पट्ट्यासाठी मात्र विकतचा फिल्टर लागला. पॉकेटमनीतून आला, वडापाव कमी खाल्ले.

एवढं करून एका रविवारी सकाळी आम्ही मांडवीला गेलो. मांडवीच का? तर आकाश मोकळं, समोर समुद्र, आणि तिथे रविवारी तीन मुली सळ्या घेऊन उभ्या राहिल्या तरी फार कोणी विचारत नाही. पण जेटीजवळ उभ्या राहिलो तर पुन्हा गंजी! आता काय? अ‍ॅटेन्युएटर लावला. गंजी बरोबर १० डेसिबलनेच खाली आली. म्हणजे या वेळी दोष आमचा नव्हता, नॉइज खरोखर हवेत होता. शोध घेतला तर जवळच्या एका गाड्यावरचा एलईडी बोर्ड चालू होता. काळ्या वाळूतून शंभरेक पावलं पुढे गेलो आणि पडदा स्वच्छ झाला. इतका स्वच्छ की आम्ही आधी वायर निघाली का ते बघितलं.

उपग्रह आला. ओळीमागून ओळ चित्र उतरायला लागलं. आधी ढग, मग किनारा, आणि मग पूर्ण पश्चिम किनारा एका फोटोत. त्या फोटोत रत्नागिरी म्हणजे एक ठिपकाही नाही, पण आम्ही तिघींनी बोट ठेवून "इथे आपण" असं म्हटलंच. आठशेहून जास्त किलोमीटरवरून काही वॅटचा सिग्नल, आणि तो आम्ही दोन सळ्यांवर झेलला. त्या क्षणाला जे वाटलं ते जर्नलमध्ये लिहिता येत नाही.

आम्ही नाचत होतो तेव्हा मिरकरवाड्याचे एक चाचा तिथून चालले होते. विचारलं, काय चाललंय पोरींनो? सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, "दर्यात लांब गेलं की वायरलेस साफ बोलतो. बंदरात शिरलो की भांडायला लागतो." मी तिथेच वाळूत बसले. आमच्या सबंध प्रोजेक्टचा सारांश चाचांनी दोन वाक्यांत सांगितला होता! बंदरात होड्या एकमेकींना चिकटून. जहाजांच्या व्हीएचएफ सेटची शक्ती २५ वॅटपर्यंत असते. दोन हातांवरच्या होडीने बटण दाबलं की तुमचा सेट दुसऱ्या चॅनेलवर असला तरी बधिर होतो. त्याच वेळी खाडीच्या तोंडाशी कुणी चॅनेल १६ वर मदत मागत असेल तर? हाक हवेत आहे. ऐकणारा सेटही चालू आहे. पण ऐकू येत नाही.

त्यात आपल्या खाऱ्या वाऱ्याची भर. गंजलेला सांधा हा डायोडसारखा वागतो. जुना पत्रा, रेलिंगचा बोल्ट, गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार, जिथे धातूला धातू अर्धवट टेकतो आणि मध्ये गंज असतो तिथे बळकट सिग्नल पोचले की त्यांचं मिश्रण होऊन नवे सिग्नल बाहेर पडतात. इंग्रजी पुस्तकांत याला रस्टी बोल्ट इफेक्ट असं साधं नाव आहे. कोकणात बोल्टला गंज चढायला एक पावसाळा पुरतो. ही समस्या पुस्तकातल्या कुणाची नाही, आपली आहे, आणि त्यावर आपल्याच कॉलेजमध्ये एकही प्रयोग नाही!

आता कोणी म्हणेल, रेडिओ ऐकतो कोण? मोबाईल आहे ना! याचं उत्तर मी घरचं देते. माझं घर दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मी पंधरा वर्षांची होते. नारळ-पोफळी आडव्या झाल्या, लाईट गेली, आणि नेटवर्क गेलं ते कितीतरी दिवस आलं नाही. पुण्यात असलेल्या मामाला आम्ही जिवंत आहोत हे कळायला चार दिवस लागले. बाबांनी माळ्यावरून जुना ट्रान्झिस्टर काढला. सेल टाकले. नुसती घरघर. बाबा म्हणाले, स्टेशनच पडलं वाटतं. तासाभराने इन्व्हर्टरची बॅटरी संपली आणि घरघर एकदम थांबली. आणि त्या अंधारात स्वच्छ आवाजात मराठी बातम्या लागल्या! स्टेशन पडलं नव्हतं. आमचाच इन्व्हर्टर दोन फुटांवर बसून त्याचा गळा दाबत होता. तासभर आम्ही जगाशी संबंध तुटला असं समजून बसलो होतो, आणि जग बोलत होतं.

म्हणून मला हा विषय हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावरचे किती मच्छीमार समुद्रात अडकले ते मिरकरवाड्यात कुणालाही विचारा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा आपल्यातल्या कितीजणांचे फोन लागत नव्हते ते होस्टेलमध्येच विचारा. २०१९ साली मच्छीमारांसाठी 'जेमिनी' हे उपकरण आलं. मोबाईलच्या टप्प्याबाहेर उपग्रहावरून हवामानाचे इशारे देणारं. २०२३ साली मोबाईलवर सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले तीही इशाऱ्याची चाचणीच होती. चांगलंच आहे. पण उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा तो किती अशक्त असतो? जीपीएसचा साधारण १० चा उणे १६ वा घात वॅट. दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग एक. इशारा देणारी यंत्रणा कितीही महाग आणली तरी शेवटी तो एवढा बारीक सिग्नल कुणाच्यातरी होडीवरच्या गोंगाटात ऐकू यावा लागतो. बोलणाऱ्यावर आपण खर्च करतो, ऐकणाऱ्याकडे बघतच नाही.

ज्यांना ऐकण्याचं मोल कळलं ते काय करतात बघा. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण. ती तिथे का? एक मोठं कारण म्हणजे तिथली रेडिओ शांतता. तिथे गेलेल्यांना माहीत आहे, मोबाईल बंद करायला लावतात. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग नारायणगावजवळून नेण्याला जीएमआरटीमुळे अडचण येते, हा विषय २०२४-२५ मध्ये अगदी संसदेपर्यंत गेला. आणि एवढी शांतता राखूनसुद्धा त्यांच्या रिसीव्हरमध्ये बळकट सिग्नल अडवणारे फिल्टर आहेतच. म्हणजे दोन्ही केलं. बाहेर शांतता मागितली, आणि स्वतःचा कानही सुधारला.

दुसरं उदाहरण विमानतळांचं. विमान उतरताना उंची मोजणारं रेडिओ यंत्र ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतं. ५जी त्याच्या खालच्या पट्ट्यात आलं. पट्टा वेगळा, तरी जुन्या यंत्रांचे फिल्टर ढिले, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मोठा गोंधळ झाला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झची ५जी केंद्रं बसवू नका. ही तात्पुरती मलमपट्टी. कायमचा इलाज काय? तर विमानातले फिल्टर बदलणं. परत तेच. ढोल थोडा लांब न्या, पण कानाचीही काळजी घ्या.

मग टॉवरवाले निर्दोष आणि सगळा दोष आपला, असं मी म्हणते आहे का? मुळीच नाही. मांडवीचा एलईडी बोर्ड खरोखर गोंगाट करत होता. आमच्या घरचा इन्व्हर्टरही. एखादा टॉवर आपल्या पट्ट्याबाहेर घाण टाकत असेल तर त्याची तक्रार झालीच पाहिजे, आणि त्यासाठी १९५२ पासून केंद्र सरकारची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे. पण तिथे "आम्हाला वाटतं" असं लिहून चालणार नाही. मोजून लिहावं लागेल. आम्ही अर्जात काय मोजलं होतं? काहीच नाही. स्पीकरच्या 'टिडिक-टिडिक'चा दोषही आम्ही टॉवरच्या माथी मारला. तो आवाज बहुतेक वेळा स्पीकरशेजारी ठेवलेल्या आपल्याच फोनचा असतो! टूजीवरचा फोन सेकंदाला २१७ वेळा धडका देतो आणि स्पीकरची स्वस्त वायर त्या झेलते. फोन हातभर लांब ठेवला की थांबतो. त्यासाठी टॉवर पाडायची गरज नाही.

माझं खरं म्हणणं इथे आहे. आपण चार वर्षं गेन शिकतो. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन किती, अँटेनाचा गेन किती, व्हायवातही "व्हॉट इज द गेन?" जास्त गेन म्हणजे जास्त हुशार. ऐकण्यासाठी कधी कधी कमी करावं लागतं हे आम्हाला तिसऱ्या वर्षी ड्रॉवरमधल्या एका ठोकळ्याने शिकवलं, सिलॅबसने नाही. सिलॅबस युनिव्हर्सिटीचा आहे, मान्य. पण लॅब आपली आहे ना?

म्हणून टॉवरच्या अर्जाऐवजी मी हा अर्ज करते.

पहिली मागणी, लॅबमध्ये एक प्रयोग वाढवा : तोच रिसीव्हर, एकदा अ‍ॅटेन्युएटरसह आणि एकदा शिवाय. खर्च काही शे रुपये. हा प्रयोग केलेला विद्यार्थी आयुष्यात पुन्हा न मोजता कुणाला दोष देणार नाही.

दुसरी, कॅम्पसचा आणि मांडवी ते मिरकरवाडा पट्ट्याचा गोंगाटाचा नकाशा दर वर्षी एका बॅचने करावा. कुठे ऐकू येतं, कुठे नाही, का नाही. बंदरातल्या तांडेलांना विचारून करावा. चाचांना जे माहीत आहे ते आपल्या फाइलमध्ये येऊ द्या. मग त्यांना सांगता येईल की अँटेना कुठे लावा, कुठला सांधा साफ करा. इंजिनिअरिंग कॉलेज गावात असण्याचा गावाला एवढा तरी उपयोग व्हावा.

तिसरी, हॅम रेडिओ क्लब काढा, आणि रीतसर लायसन्स घेऊन काढा. हे मुद्दाम लिहिते, कारण स्कॅनर घेऊन कुणाचंही बोलणं ऐकत बसणं म्हणजे छंद नव्हे. १९३३ च्या कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत आपल्याकडे वायरलेस उपकरणांना नियम आहेत, आणि दुसऱ्याचा निरोप चोरून ऐकणं तर गुन्हाच आहे. परीक्षा द्यायची, कॉल साइन घ्यायची आणि ताठ मानेने ऐकायचं आणि बोलायचं. पुढचं वादळ येईल तेव्हा कलेक्टर कचेरीला ऑपरेटर लागतील. ते आपल्या होस्टेलमधून जावेत असं मला वाटतं.

चौथी मागणी फक्त मुलींची. गच्चीची किल्ली! उपग्रह रात्रीही जातात. रात्री आसपासचे अर्धे दिवे, बोर्ड बंद असतात, म्हणजे ऐकण्याची सगळ्यात चांगली वेळ तीच. बॉईज होस्टेलची गच्ची रात्री उघडी असते, आमची संध्याकाळी सातला बंद. प्रोजेक्टचे मार्क मात्र दोघांना एकाच शीटवर. आम्हाला तीन वेळा लेखी परवानगी मागावी लागली, दोनदा "कशासाठी?" आणि एकदा "तुम्हाला काय करायचंय उपग्रहाशी?" असं उत्तर मिळालं. रजिस्टर ठेवा, सही घ्या, दोघीतिघींनीच जा असं सांगा, पण किल्ली द्या. मॅडम, तुमच्यावर राग नाही. तुमच्यापर्यंत आमचा सिग्नल पोचत नव्हता, म्हणून आवाज वाढवण्याऐवजी नीट लिहून पाठवते आहे.

त्या रविवारचं चित्र आम्ही नोटीस बोर्डावर लावलं आहे. मधल्या दोन-तीन ओळी काळ्या आहेत, कारण नेमकं तेव्हा आमच्यातल्या एकीला फोन आला. बघणारे विचारतात, एवढ्या ओळी का गेल्या? आम्ही सांगतो, टॉवर नव्हे हो. आमचाच फोन. खिशातला.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)